ही भाजी कुठली?

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले, की अंबरनाथच्या एमआयडीसीत टाकळा उगवतो. कारखान्यांच्या भिंतींच्या पायथ्याशी, बंद पडलेल्या गाळ्यांपुढच्या मोकळ्या जागेत, गटाराच्या काठाने, ट्रक उभे राहतात त्या रस्त्याच्या कडेला. कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी आठवडाभरात वीतभर उंचीचं हिरवं रान माजतं. त्याच दिवसांत अंबरनाथ आणि बदलापूर स्थानकांबाहेर डोंगराकडच्या ठाकर आणि कातकरी बाया टाकळ्याचे वाटे मांडून बसतात. दोन्हीकडे तीच गोलसर कोवळी पानं, तोच उग्र वास, संध्याकाळ झाली की पानं मिटण्याची तीच सवय. दोन्ही जुड्या शेजारी ठेवल्या तर वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकालाही त्या वेगळ्या ओळखता येणार नाहीत. तरीही एक जुडी निर्धास्तपणे घरी न्यावी आणि दुसरीला हात लावू नये, अशी स्थिती आहे.

रानभाज्यांविषयी गेल्या काही वर्षांत मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. त्यांची ओळख, कृती, औषधी गुण, छायाचित्रं असं सगळं मिळतं. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो आणि तिथे गर्दी होते. हे चांगलंच आहे. पण या सगळ्या उत्साहात भाजीचं नाव आधी विचारलं जातं, मग कृती, मग फायदे. ती कुठे उगवली हे विचारायचं राहून जातं. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या पट्ट्यात तर हाच प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा.

या पट्ट्याची रचनाच तशी आहे. एका अंगाला मलंगगड, टावली आणि चंदेरीचे डोंगर, त्यांच्या कुशीत ठाकरवाड्या आणि कातकरवाड्या. दुसऱ्या अंगाला रेल्वे, कारखाने आणि लाखोंची वस्ती. मधून वालधुनी वाहते. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं शिवमंदिर याच नदीच्या काठावर आहे. ज्यांनी मंदिरासाठी ही जागा निवडली त्यांनी वाहतं, स्वच्छ पाणी पाहूनच निवडली असणार. विसाव्या शतकात चित्र बदललं. १९२० च्या दशकात विमकोचा काड्यापेट्यांचा कारखाना आला, स्वातंत्र्यानंतर शस्त्रास्त्र निर्माणी आली. महायुद्धातल्या कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासित राहायला आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, स्थापन झालं आणि अंबरनाथच्या माळांवर आखीव भूखंड पडले. रसायनं, रंग, औषधं, धातुकाम. हजारो घरांच्या चुली त्यावर पेटल्या, हेही विसरून चालणार नाही.

मात्र डोंगर आणि कारखाना यांच्यातलं अंतर इथे एखाद्या तासाच्या चालीचं आहे. रानातून निघालेली पाटी एमआयडीसीच्या रस्त्यावरूनच बाजाराला येते.

त्या पाटीत काय असतं, ते महिन्यागणिक बदलतं. सुरुवात शेवळांनी होते. शेवळं ही या भागाची खरी मानाची भाजी. जमिनीत सुप्त पडलेला कंद वळवाच्या आणि मृगाच्या पावसाने जागा होतो आणि पानाआधीच तपकिरी-जांभळा कोंब वर काढतो. हा कोंब म्हणजे आवरणात गुंडाळलेला फुलोरा. शास्त्रीय भाषेत ॲमॉर्फोफॅलस कॉम्युटॅटस, सुरणाचा रानातला भाऊबंद. फुलोरा उमलण्याआधी खुडायचा असतो आणि हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. ठाणे, कल्याण, पनवेल, बदलापूर या भागातल्या सीकेपी घरांत या काही आठवड्यांची वर्षभर वाट पाहिली जाते. सोडे घालून, कोलंबी घालून, खिम्यात, नाहीतर वालाच्या बिरड्यात. कापण्याची पद्धत ठरलेली. वरची पाती सोडवायची, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं अगदी बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं. आणि काकडं घालायची.

काकडं म्हणजे काकड नावाच्या झाडाची आवळ्याएवढी आंबट फळं. शेवळं विकणारी बाई जुडीबरोबर मूठभर काकडं देते. ती नसली तर चिंच किंवा कोकम. हे चवीपुरतं नसतं. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला टोचतात आणि खाज सुटते, कधी सूजही येते. नीट परतणं, शिजवणं आणि आंबटाची जोड यांनी ती खाज मोडते. काकडाचं झाडही त्याच रानात, फळंही त्याच सुमारास. विषाचा उतारा त्याच वाटेवर सापडला आणि कुणीतरी तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून पुढे दिला. ही माहिती प्रयोगशाळेत जन्मली नाही, म्हणून तिची किंमत कमी होत नाही. उलट तिच्यामागे किती जणांचे घसे सुजले असतील, याचा विचार केला तर ती फार महाग ज्ञानसंपदा आहे.

शेवळांमागोमाग टाकळा, कुर्डू, फोडशी, कोरल, भारंगी येतात. पावसाने जोर धरला की कंटोळी, दिंड्याचे कोंब, बांबूचे वासते. पुढे चाईच्या वेलाचा मोहर, कुड्याची फुलं. पावसाळा सरल्यावर कंद. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे गळून पडणारी मोहाची फुलं. प्रत्येकीला हाताळण्याची रीत वेगळी. भारंगीचा पाला कडू, म्हणून उकडून पिळून घ्यायचा आणि वाल किंवा डाळीबरोबर शिजवायचा. फोडशीची पाती गवतासारखी, तिच्या मुळाकडचा पांढरा भाग निगुतीने धुवायचा, नाहीतर दाताखाली माती येते. बांबूच्या कोंबात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात, म्हणून ते चिरून पाण्यात ठेवायचे, पाणी बदलायचं, मग उकडायचे. कडूकंदाचं काम तर सगळ्यांत चिवट. कंद उकडायचा, पातळ काप करायचे आणि टोपलीत भरून ती टोपली ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवून द्यायची. कडवटपणा पाण्याबरोबर निघून जातो. हाताशी दुसरं धान्य नसलेल्या दिवसांत कातकरी घरांनी यावर गुजराण केलेली आहे.

काय खायचं नाही, हेही याच शिक्षणात येतं. श्रावणात याच झुडपांमधून कळलावीची लाल-पिवळी, ज्वाळांसारखी फुलं वर येतात. दिसायला मोहक, पण तिच्या सगळ्या अंगात कोल्चिसीन हे जहाल विष असतं. श्रीलंकेत तिचा कंद रताळं समजून खाल्ल्यामुळे माणसं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. वारुळावर उगवणारं आळिंब कोणतं घ्यायचं आणि शेजारच्या लाकडावरची छत्री का सोडायची, हे वाडीवरच्या दहा वर्षांच्या मुलीला ठाऊक असतं. ते पुस्तकातल्या चित्रावरून शिकण्याचा हट्ट शहरातल्या माणसाने धरू नये.

म्हणजे रानभाजीचं शास्त्र हे मुळातच विषाशी व्यवहार करण्याचं शास्त्र आहे. खाज, कडवटपणा, सायनाइड, कोल्चिसीन. वनस्पतीने स्वतःच्या संरक्षणासाठी बनवलेली ही विषं. त्यांतली काही उकडून, धुऊन, आंबवून, परतून मोडता येतात, उरलेल्यांपासून लांब राहायचं असतं. हजारो वर्षांत माणसाने ही यादी पक्की केली.

एमआयडीसीतल्या टाकळ्यात मात्र वेगळं विष असू शकतं, आणि या शास्त्रात त्याचं प्रकरणच नाही.

शिसं, कॅडमियम, क्रोमियम हे धातू वनस्पती बनवत नाही. ते मातीत पडलेले असतात, पाण्यातून आलेले असतात, धुळीतून पानावर बसलेले असतात. प्रत्येकाची चाल निराळी. शिसं बहुतांशी मुळापाशी अडतं, पण रस्त्याकडेच्या धुळीतून पानावर चिकटतं. देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, मात्र त्याआधीच्या कित्येक दशकांचं शिसं जुन्या रस्त्यांलगतच्या मातीत आहे तसंच पडून असतं, कारण धातू कुजत नाही. कॅडमियम जास्त कपटी. ते मुळांतून सहज वर चढतं आणि पालेभाजीच्या पानात साठतं. धूळ चोळून धुतली तर जाते, पानाच्या आतलं कॅडमियम धुण्याने जात नाही. उकडून पाणी फेकलं तर थोडाबहुत अंश कमी होत असेल, पण त्यावर कुणी भरवसा ठेवू नये. काकडाच्या आंबटपणाचा तर इथे काहीच उपयोग नाही. खाज सुटत नाही, चव बिघडत नाही, जेवल्यावर पोटही दुखत नाही. परिणाम मूत्रपिंडावर आणि हाडांवर वर्षांनी दिसतो, शिशाचा तर लहान मुलांच्या मेंदूवर. जीभ ज्या धोक्याची सूचना देऊ शकत नाही, त्याच्याबद्दल परंपरेने काही शिकवलं नाही, यात परंपरेचा दोष नाही.

अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सने पालेभाज्यांसाठी शिशाची मर्यादा किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ०.२ मिलिग्रॅम ठेवली आहे. इतक्या सूक्ष्म मात्रा डोळ्यांना, नाकाला, अनुभवी हाताला कळत नाहीत. त्या फक्त यंत्राला कळतात.

नाळीच्या भाजीचं उदाहरण घेतलं तर धोका जास्त स्पष्ट होतो. पाण्यात पसरणारा हा पोकळ देठांचा वेल. लसूण-मिरचीची फोडणी देऊन केलेली नाळी गावाकडच्या तळ्याच्या काठची असेल तर तिच्यासारखी हलकी भाजी नाही. पण ती सांडपाण्याच्या नाल्यातही तितक्याच जोमाने, किंबहुना जास्त जोमाने वाढते, आणि पाण्यातले जड धातू शोषून घेण्याबद्दल वनस्पतिशास्त्रज्ञांत ती प्रसिद्ध आहे. पाणी शुद्ध करण्यासाठी तिचा वापर करता येईल का, यावर संशोधन होतं ते याच गुणामुळे. जी वनस्पती नाला साफ करण्याच्या कामाची, ती त्या नाल्यातून काढून ताटात घेणं किती धोक्याचं, हे वेगळं सांगायला नको. हिरवीगार, टवटवीत, मोठ्या पानांची नाळी स्वस्तात मिळाली तर आनंद होण्याऐवजी शंका यायला हवी.

वालधुनीचं पाणी कसं आहे, हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. काकोळ्याच्या डोंगराकडून ती स्वच्छ निघते आणि अंबरनाथ ओलांडेपर्यंत तिचा रंग, वास, सगळंच पालटतं. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस एका टँकरमधून वालधुनीत रसायन ओतलं गेलं आणि काठावरच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना श्वास घेणं अवघड होऊन रुग्णालयांत न्यावं लागलं. त्याआधी २०१३ मध्ये ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती, आणि ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. चर्चा झाली ती पिण्याच्या पाण्याची, माशांची, दुर्गंधीची. पावसाळ्यात नदी पात्राबाहेर पडून जो गाळ काठावर पसरवते आणि त्या गाळात जो टाकळा, कुर्डू, माठ उगवतो, त्याचा विषय निघाला नाही. कारण तो कुणाचं पीक नाही. त्याचा सातबारा नाही, त्याचा पंचनामा होत नाही, त्याची बाजार समितीत नोंद नाही. पण तो खुडून नेणारी घरं आहेत. कामाच्या शोधात विदर्भ-मराठवाड्यातून आणि उत्तरेतून आलेली, गावाकडे तरोटा किंवा चकवड नावाने हीच भाजी खाल्लेली माणसं. महिनाअखेरीला फुकटची हिरवी भाजी दारापुढे दिसली तर ती का सोडतील? त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्यांना माहिती देणं मात्र कुणाचं तरी काम आहे.

हा पेच फक्त अंबरनाथचा नाही. जपानमध्ये डोंगरातले कोवळे कोंब, ज्यांना तिथे सान्साई म्हणतात, वसंत ऋतूत गोळा करून खाण्याची परंपरा आपल्या शेवळांइतकीच जिवाभावाची आहे. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाचा अणुअपघात झाला आणि वाऱ्यापावसाबरोबर किरणोत्सारी सीझियम त्या रानांवर उतरलं. सरकारने एप्रिल २०१२ पासून सर्वसाधारण अन्नासाठी किलोमागे १०० बेकरेल ही कडक मर्यादा लावली. शेतातल्या भाज्या तुलनेने लवकर सावरल्या, कारण शेताची माती उलथता येते, खत देता येतं. रानाची माती कोण उलथणार? कोशिआबुरा या अतिशय लाडक्या झाडाचे कोंब सीझियम विशेष साठवतात असं आढळलं, आणि अनेक भागांत त्यांच्या विक्रीवरची बंदी दहा वर्षांनंतरही उठली नाही. जर्मनीत बव्हेरियाच्या जंगलांत चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघाताचं सीझियम रानडुकरांच्या मांसात आणि काही जातींच्या आळिंबांत आजही सापडतं. तिथे शिकार केलेलं डुक्कर विकण्याआधी तपासलं जातं.

अंबरनाथमध्ये किरणोत्साराचा प्रश्न नाही, आणि या तुलनेने कुणी घाबरून जाण्याचं कारण नाही. घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की त्या देशांनी गावागावांतून नमुने घेतले, मोजले आणि आकडे लोकांसमोर ठेवले. या गावची भाजी चालेल, पलीकडच्या गावची चालणार नाही, असं नकाशावर सांगितलं. रान ही सरसकट पवित्र किंवा सरसकट दूषित गोष्ट नसते. ते जागेजागेने बदलतं.

शहरी हौसेला नेमकं हेच पचायला अवघड जातं. रानातलं म्हणजे शुद्ध, खत नाही, फवारणी नाही, म्हणून ते सेंद्रियापेक्षाही वरचं, असं समीकरण बनलं आहे. डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये २००३ साली सुरू झालेल्या नोमा या उपाहारगृहाने रानातून वेचलेल्या पाना-फुलांना जगभर प्रतिष्ठा दिली आणि ती लाट मुंबई-पुण्याच्या हॉटेलांपर्यंत पोचली. प्रतिष्ठा मिळाली याचा आनंदच आहे. ज्या भाज्यांना गरिबाचं खाणं म्हणून हिणवलं गेलं, त्या आता पानात मानाने वाढल्या जातात. पण फवारणी नाही हे तरी खरं का? भाताच्या बांधांवर आता सर्रास तणनाशक मारतात. कुर्डू आणि टाकळा ही त्याच बांधांवरची भाजी. औषध मारल्यावर दोन-चार दिवस ती हिरवीच दिसते.

मागणी वाढल्याचा दुसरा ताण खुद्द रानावर पडतो. शेवळं खुडली की त्या झाडाचं त्या वर्षीचं बी गेलं. कंद जमिनीत राहतो म्हणून पुढच्या वर्षी कोंब येतो, पण नवी रोपं येणार कुठून? फोडशीच्या कुळातली सफेद मुसळी, जिच्या एका जातीचं शास्त्रीय नाव बोरिवलीवरून ठेवलेलं आहे, ती औषधी मुळांच्या हव्यासापायी रानातून किती विरळ झाली, हे वनस्पतिशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. वाडीवरच्या बाया एका जागेवरचं सगळं खुडत नाहीत, काही उमलू देतात. त्यांना पुढच्या वर्षी त्याच जागी परत यायचं असतं. सहलीला आलेल्या माणसाला ते बंधन नसतं. त्यात बदलापूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्यापर्यंत इमारती पोचल्या, उन्हाळ्यात वणवे लागतात, वरकस जमिनींना कुंपणं पडली. स्वच्छ मातीतली भाजी दरवर्षी थोडी आणखी वर, थोडी आणखी दूर सरकते. म्हणजे तिची पाटी डोक्यावर घेऊन स्थानकापर्यंत येणाऱ्या बाईची चालही तितकीच वाढते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क परंपरेने रानावर जगणाऱ्यांना दिला आहे. त्यात कंद आणि मुळंही येतात. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष दुर्बल म्हणून नोंदलेल्या आहेत, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या फुटपाथवर पाटी मांडणाऱ्यांत कातकरी बाया असतात. कायद्याने दिलेला हक्क त्यांच्या बाबतीत फुटपाथवर येऊन संपतो. तिथे ना शेड, ना ओटा, ना पाणी. पालिकेची गाडी आली की पाटी उचलायची. महोत्सवात दोन दिवस मंडप मिळतो, उरलेला पावसाळा उघड्यावर जातो. एखाद्या नगरपालिकेने जून ते सप्टेंबर एवढ्या चार महिन्यांसाठी रानभाजीला स्थानकाजवळ ठरलेली, छप्पर असलेली जागा दिली, तर खर्च फारसा नाही. शिवाय भाजी कुठल्या वाडीवरून आली हे तिथेच पाटीवर लिहिता येईल. आज डोंगरातली जुडी आणि नाल्याकाठची जुडी बाजारात एकाच भावाने, एकाच नावाने विकली जाऊ शकते. त्यात नुकसान खाणाऱ्याचं आहेच, पण त्याहून जास्त त्या बाईचं आहे, जी पहाटे अंधारात डोंगर चढून खरी भाजी आणते.

भाजी कशी वाढली हे विचारण्याची रीत मराठी घरांत नवी नाही. भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं अन्न खायचं नाही हा नियम. नांगरलेल्या जमिनीतलं वर्ज्य, म्हणून परसातलं, बांधावरचं, आपसूक उगवलेलं गोळा करून ऋषीची भाजी होते. अळू, माठ, पडवळ, भेंडी, सुरण, घरोघरी यादी थोडी वेगळी. वर्षातून एक दिवस का होईना, प्रत्येक जिन्नस कुठून आणि कसा आला याची चौकशी स्वयंपाकघरात होते. तीच चौकशी पावसाळाभर चालू ठेवायची आहे, फक्त बैलाच्या जोडीला आता नाला, रस्ता आणि कारखान्याची भिंतही विचारात घ्यायची आहे.

घरच्या पातळीवर नियम सोपे आहेत. औद्योगिक वसाहतीतली, रेल्वेरुळांलगतची, हमरस्त्याच्या कडेची, नाल्याच्या आणि वालधुनीच्या काठची भाजी खुडायची नाही, कितीही ताजी दिसली तरी. नाळी आणि अळू यांसारखी पाण्याची भाजी जागा ठाऊक असल्याशिवाय घ्यायची नाही. आळिंब आणि कंद ओळखीच्या बाईकडूनच घ्यायचे. घरात लहान मुलं किंवा गर्भवती असेल तर दुप्पट काळजी.

पण घरच्या नियमांनी माती मोजली जात नाही, आणि ते काम घराचं नाहीही. हवा मोजण्याची यंत्रं शहरात बसली, नदीच्या पाण्याचे नमुने प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. तसेच मोरिवली, चिखलोली, आनंदनगर या भागांतल्या मोकळ्या जमिनींवरून आणि वालधुनीच्या काठावरून दर पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, नाळी, माठ यांचे नमुने घ्यावेत, शेजारी डोंगरावरच्या वाड्यांतले घ्यावेत, दोन्हींतलं शिसं, कॅडमियम, क्रोमियम तपासावं आणि आकडे मराठीतून स्थानकावर लावावेत. इथल्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राचे आणि वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत, विद्यार्थी आहेत. कृषी विभाग महोत्सव भरवतोच, त्याच खर्चात ही तपासणीही बसवावी. अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपालिकांकडे आणि उल्हासनगर महापालिकेकडे नागरिकांनी ही मागणी लेखी करावी, पुढच्या मृगाच्या आत.

आणि जूनमध्ये स्थानकाबाहेर शेवळांची जुडी उचलताना बाईला विचारावं, ‘मावशी, कुठली भाजी?’ ती वाडीचं नाव सांगेल, वाट सांगेल, काकडं किती घालायची तेही सांगेल. मग भाव न करता सांगेल तेवढे पैसे द्यावेत.